तळमजल्यावरची खोली

तीर्थरूप बाबांना नमस्कार. तुमच्या खोलीसाठी मी भर उन्हात हॉटेलं शोधत हिंडले, हे आईला सांगू नका.

पहिल्या हॉटेलातला मॅनेजर फारच गोड बोलत होता. "एकदम हवेशीर खोली आहे, ताई!" पडदा सरकवला, तर मागे खिडकीच नाही, नुसती भिंत. तुम्हीच शिकवलंय ना, फार गोड बोलणारा काहीतरी लपवत असतो? म्हणून दुसरीकडे गादी उचलून पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी तीनदा लावून पाहिली. हे दुसरं हॉटेल स्वस्त आहे आणि बरं आहे.

आता तुमचं. "सहज शहर बघायला एकटाच येतोय" म्हणता, मग खोली तळमजल्यावरचीच आणि मोठ्या हॉस्पिटलशेजारचीच का हवी? टाकी भरली का बघायला दिवसातून दोनदा गच्चीवर चढणारा माणूस जिन्याला कधीपासून भ्यायला लागला? आईला माहीत आहे का? आणि तुमचं पत्रही या वेळी फारच गोड आहे, बाबा.

आमच्या वसतिगृहात पुरुषांना मनाई आहे, पण हॉटेलात लेकीला मनाई नाही. दोन खाटांची खोली घेतली आहे. दारालगतची खाट माझी.

तुमच्याच वळणावर गेलेली,
तुमची संशयी लेक