शंभरच्या रस्त्याला लागताना

३ मार्च

ती. बाबांना भिंगरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही रागवाल म्हणून पत्र लिहितेय. बाबा, तुमची लेक नापास झाली! आयुष्यभर बस चालवलेल्या माणसाची मुलगी इकडच्या लायसन्सच्या परीक्षेत सपशेल आपटली. वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावला, कारण स्टिअरिंगच्या दांड्या इथे उलट्या बाजूंना असतात. ते परीक्षकबाईंनी हसून सोडून दिलं. आरशात नुसतं डोळ्यांनी बघून इथे चालत नाही, मान वळलेली दिसावी लागते, तर तीही मी कोंबडीसारखी वळवली. मग नापास कशासाठी केलं? हळू चालवली म्हणून!

हायवेला मिळणाऱ्या जोडरस्त्यावर मी तुमच्या शिकवणीप्रमाणे चाळीसवर गेले आणि टोकाला जवळजवळ थांबलेच. बाई म्हणाल्या, सगळे शंभरने धावत असताना असं शिरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

आपलं भारतातलं लायसन्स इथे परदेशात वर्षभरच चालतं, ते पुढच्या महिन्यात संपतंय. पेशंटच्या घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचं माझं काम गाडीशिवाय होत नाही. तोवर एकदाच परीक्षा देता येईल. ती हुकली की नोकरी गेली आणि मी घरी परत. तरी पुन्हा बसायची खुमखुमी आहेच. आईला बेताबेताने सांगा.

तुमची,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेताबेताने सांगायची सोय राहिली नाही, पत्र तुझ्या आईनेच आधी फोडलं. त्या परीक्षकबाईंना माझ्याकडून विचार, सावकाश चालवणाऱ्याला नापास करणारं तुमचं खातं डोक्यावर पडलंय का? माझी बस साठच्या पुढे जातच नव्हती, आणि गेली असती तरी मी नेली नसती. तू आपली हळूच चालव. चूक त्यांची आहे.

आई म्हणते, नोकरी गेली तर खुशाल ये, तुझी खोली झाडून ठेवते. मी तिला गप्प बसवलं. तुला ते काम किती आवडतं ते मला ठाऊक आहे.

तुझे,
बाबा

२५ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

रागावू नका, पण चूक त्यांची नाही. इथे हायवेवर ना कोणी चालत, ना मध्ये चौक, ना समोरून कोणी अंगावर येत. जोडरस्ता लांबलचक असतो, तो वेग घेण्यासाठीच. तिथे ताशी शंभर गाठायचे, फट बघायची आणि अलगद आत शिरायचं. गाडीही कुरकुरत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये दाबली की अशी सुटते की पाठ सीटला चिकटते!

अडचण माझ्या पायाची आहे. काटा सत्तरवर गेला की तुमचा आवाज कानात येतो, हळू, हळू, आणि पाय आपोआप वर उचलला जातो. दवाखान्यातली मैत्रीण रोज शेजारी बसून सराव करून घेते, तीही आता हात टेकायला आलीय. बाबा, हा आवाज कसा बंद करू?

भिंगरी

८ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हटलं, आपण कधी शंभरने गेलोच नाही तर त्यावर बोलतो कशाला? पुतण्याची नवी गाडी मागितली आणि पहाटे नव्या हायवेवर काढली. अगं, काय सांगू तुला! सत्तरपर्यंत माझे हात घामाने ओले. ऐंशीला तुझी आई काहीतरी ओरडली. आणि पुढे सगळं शांत. ना खडखड, ना धडधड. आमच्या बसचा पत्रा चाळीसलाच गायला लागायचा, म्हणून मला वेगाची भीती होती हे मला इतक्या वर्षांनी कळलं. भीती त्या पत्र्याची होती गं!

तेव्हा जुना आवाज बंद करायच्या फंदात पडू नकोस. त्याच्या जागी हा ऐक, मी स्वतः चालवून बघून सांगतोय: दाब, पोरी. घाबरू नकोस, दाब.

तुझे,
बाबा

२० एप्रिल

ती. बाबांना आणि आईला सा. न. वि. वि.

पास! पास! पास! जोडरस्त्यावर सत्तरला पाय उचलला जाणार तेवढ्यात मी मोठ्याने म्हणाले, ‘दाब, पोरी!’ आणि दाबला. दोन ट्रकच्या मधल्या फटीत अशी बसले की बाईंनी नुसती मान डोलावली. नंतर त्यांनी विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, माझ्या शिक्षकांनी सांगितलेलं आहे. सोमवारपासून पुन्हा माझे पेशंट, माझी गाडी! गाडीतच बसून लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

तुमची पक्क्या लायसन्सची,
भिंगरी

२ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

गल्लीत पेढे वाटावेत तशी तुझी बातमी वाटली. आता आमची बातमी ऐक. पुतण्याकडे सरकारी पाकीट आलं. त्या हायवेवर ऐंशीची मर्यादा आहे आणि कॅमेऱ्याने मला एकशे चारवर पकडलं. उभ्या नोकरीत एकदा दंड झाला नाही, तो म्हातारपणी झाला. पुतण्या भरतो म्हणाला, पण हा दंड मी दुसऱ्या कुणाला भरू देईन होय?

सोबत फोटो आलाय. त्यात मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलोय, अगदी गंभीर. शेजारी तुझी आई. ती सगळ्यांना सांगत फिरते की तिने भीतीने डोळे गच्च मिटून घेतले होते. फोटोत तिचे डोळे टक्क उघडे आहेत, केस उडालेत आणि ती खदाखदा हसतेय. लग्नाच्या फोटोतसुद्धा एवढी हसली नव्हती. हा दंडाचा फोटो आम्ही भिंतीवर लावलाय.

आमची माया आहेच तुझ्यावर.

तुझे,
बाबा