देव आज कुठल्या गावात आहे

सर,

माझं सगळं फिरलं ते कॉलेजच्या गाड्या लावायच्या शेडमध्ये, एका फोटोवरून. फोटोत ती, आपल्या वर्गातली अणदूरची, जिच्याशी माझं जुळलं होतं, हिरव्या साडीत; शेजारी तिच्या मामाचा मुलगा, दोघांच्याही कपाळावर कुंकू. ग्रुपवर आला होता, खाली लिहिलेलं, 'जमलं बरं का!' मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला आणि सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "कधीचा हाय, ते तरी इचार." मी विचारलं नाही. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढून तिच्या पायाशी टाकलं, निघालो, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्येच कॉलेज सुटलं ते सुटलंच.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. तरी हे तुम्हालाच लिहितोय, कारण 'कधीचं' हा प्रश्न मुळात तुमचा. नळदुर्गची आपली शाळा, संगणक सहा, त्यातले चालू तीन. नववीत तुम्ही आम्हाला खंडोबाचं देऊळ नेटवर शोधायला लावलं होतं. मला सापडलेल्या पानावर देव नळदुर्गला, तिला सापडलेल्या पानावर अणदूरला. मी इथला, ती अणदूरची. "तुझं पान खोटं हाय," मी म्हणालो. "तुझं तोंड खोटं हाय," ती म्हणाली, आणि वर्गाची दोन गावं झाली. देव एकच, पावणेदोन महिने आपल्याकडं, बाकीचं वर्ष त्यांच्याकडं, हे आम्हा सगळ्यांना पाळण्यापासून माहीत. पण पडद्यावर लिहिलेलं दिसलं की घरचं माहीत असलेलं कुठं पळतं, कुणास ठाऊक. तुम्ही आम्हाला मनसोक्त भांडू दिलंत. मग म्हणालात, "दोन्ही पानं खरी हायेत, येड्यांनो. देव हलवताना दोन्ही गावं करार लिहितात, कधी न्यायचा, कधी आणायचा. गावाला जे कळतं ते तुमाला कळंना व्हय? कुणी लिहिलंय बघा, कधी लिहिलंय बघा. तेवढ्यानं भागलं न्हाय तर पाय हायेत की, जाऊन बघा."

तुम्ही गेल्याचा निरोपसुद्धा ग्रुपवरच आला. मी मानला नाही. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, तुम्ही फेट्यात हसताय. म्हटलं, कुणीतरी चेष्टा केली. सायकल काढून तुमच्या गल्लीत आलो तर दारात चपलाच चपला. तुम्ही सांगितलेलं तेवढं एकदाच नीट केलं, सर, आणि ते खरं निघालं. तेव्हापासून काही तपासायचं म्हटलं की तुमच्या दारातल्या चपला दिसतात. त्यापेक्षा आधीच खोटं म्हणून टाकावं, किंवा आधीच वाईट ते खरं मानावं. दोन्हीला चालत जावं लागत नाही.

आता मी हायवेवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. लोक काच बदलायला येतात आणि जाता जाता काहीबाही दाखवतात. परवा एक म्हातारबाबा आले, "पोरा, गारा पडणार म्हंत्यात, बघ बरं." मी हातातला स्क्रूसुद्धा खाली ठेवला नाही. "खोटं हाय, बाबा." त्यांनी मोबाइल खिशात घातला. "न वाचताच कळलं व्हय? लई शिकलास की रं!" आणि हसत गेले. मला हसू आलं नाही. तुमच्याकडनं मी संशय तेवढा उचलला, कष्टाचं काम तिथंच सोडलं.

आज सकाळी नव्या नंबरवरून निरोप आलाय. 'देव गावात आला. मीपण दोन दिवस हाय.' नाव नाही, फोटो नाही, पण वाटावं तिचाच. पहिला संशय दोस्तांवर. दीड वर्ष झालं तरी माझ्यासमोर तिचं नाव काढून दात काढतात. दुसरा संशय तिच्या भावावर, मला गावात बोलावून हाडं मोडायची असतील. तारीख जुळते, देव आठवड्यापूर्वीच इथून अणदूरला गेला, मी दुकानाच्या पायरीवरून हलगी ऐकली. पण एवढं तर इथं शेंबड्या पोरालाही माहीत. नंबर तीनदा लावून बघितला, बंद. मग त्या तीन शब्दांवर बसून राहिलो: दोन दिवस हाय. म्हणजे एरवी नसते. कुठं असते? लग्न झालं का? हे मला कुठल्याच पानावर सापडणार नाही.

एक गोष्ट राहिली. त्या शेडमधल्या भांडणानंतर दुसऱ्याच दिवशी मी तो फोटो शोधून काढला होता. तुम्ही शिकवलं होतं तसाच, मागं मागं जात. तिच्या मामेबहिणीच्या पानावर होता, आम्ही अकरावीत असतानाचा. फोटो खोटा नव्हता, जुना होता. खाली तिच्या बहिणीनंच नंतर लिहिलं होतं, ती सोयरीक कधीच मोडली होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं, सर, आणि मी तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही. पोरीनं फसवलं म्हणून यानं कॉलेज सोडलं असं गाव म्हणत राहिलं, आणि मी म्हणू दिलं.

हे पत्र नववीच्या वहीत ठेवतोय, पोस्टात टाकायला तुमचा पत्ता उरला नाही. निरोप खोटा असो, तिचा भाऊ काठी घेऊन उभा असो, 'फोटो जुना होता' एवढं तिच्या दारात जाऊन बोलायचं आहे. चपला घातल्या. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.