अंगात आलं नव्हतं

माय, त्या दिवशी आम्ही सगळे तुझ्यापुढं हात जोडून बसलो होतो, तेव्हा तुला आम्ही दिसत होतो का? पुस्तकात लिहिलं आहे की झटका आला की माणसाला शुद्ध राहत नाही. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि गुणही मिळवले. पण दोन झटक्यांच्या मधे तू एकदा माझ्याकडं पाहिलंस असं मला आठवतं, आणि त्या पाहण्याबद्दल कोणत्याच पुस्तकात काही नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. मी चौथीत होते, तुला दिवस गेलेले होते. आदल्या दिवशी तुझे पाय इतके सुजले की जोडवी बोटांत रुतली. मी खोबरेल लावून ती ओढून काढली, आणि तू ती पदराच्या गाठीत बांधलीस. "आत्याले नको सांगू," म्हणालीस, "सवाशीण सणाले जोडवी काढत नाई." सकाळी डोक्याला फडकं आवळून तू पुरण वाटत होतीस. डोकं फुटून राह्यलं म्हणत होतीस आणि वाटतही होतीस. मी म्हटलं, "जराशी पड नं, माय." तू माझ्यावर केवढी ओरडलीस! "दिवसा निजाले मी काय बिमार आहो?" मग नैवेद्य दाखवायच्या वेळी, मुखवट्यांच्या समोरच, तुझे डोळे वर गेले, हात ताठ झाले, सगळं अंग थडथडायला लागलं. आत्या ओरडली, "आली वं, महालक्ष्मी आली!" बायकांनी तुला कुंकू लावलं. एकीनं पायावर खण ठेवला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "माह्या पोरीचं लगन कवा जमते, सांग नं माय." तुझ्या तोंडाला फेस आला तरी त्या उत्तराची वाट पाहत होत्या. जीप मिळाली तोवर ऊन उतरलं होतं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत तू नव्हतीस, पोटातलंही नव्हतं.

मी कुणाला दोष देत नाही. त्या बायकांनी मनापासून हात जोडले होते. त्यांना जे माहीत होतं, त्यात तुझ्या हालणाऱ्या अंगाचा तेवढाच अर्थ बसत होता. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण बंद होतो, आणि पुढं कधी त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात वासरू झालं तरच तो परत सुरू करता येतो, हे तुला ठाऊकच आहे. आपल्या घरी ना मूल झालं, ना वासरू. मुखवटे माळ्यावरच्या पेटीत गेले ते गेलेच.

आपल्या घरातली पहिली पदवी निघाली ती माझी, नर्सिंगची. मी आता जोखमीच्या गरोदर बायांच्या वार्डात असते. कुणाची वार खाली सरकलेली, कुणाचं रक्त कमी, कुणाचं प्रेशर चढलेलं. त्यांना वाटतं, आपल्याला काहीच झालेलं नाही आणि सिस्टर उगाच निजवून ठेवते. औषध देणं सोपं आहे. या बायांना दिवसाढवळ्या, लाज न वाटता, डाव्या कुशीवर पडून राहायला लावणं हे खरं काम आहे. एक जण चोरून उठते आणि शेजारणीचे कपडे वाळत घालते. दुसरी माझीच टेबलं पुसायला येते.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी आंजी गावाकडची एक बाई वार्डात होती. प्रेशर चढलेलं, बाळ वजनानं लहान. तिची सासू पिशवी घेऊनच आली. "सोडा नं सिस्टर, दोन दिवसाले. मोठी सून आहे. अंगठा देतो मी, माह्या जबाबदारीवर." सून पलंगावरून पाय सोडून तयारच होती. "मले काई होऊन नाई राह्यलं, ताई." मी तिच्या पायांकडं पाहिलं. बोटं मोकळी होती. पदराच्या टोकाला गाठ होती.

"जोडवी कवा काढली?" मी विचारलं. ती सासूकडं बघायला लागली. "डोकं दुखते का? डोळ्यापुढं चमकते का?" तेव्हा हळूच म्हणाली, "सकाळपासून काजवे दिसून राह्यले."

मी प्रेशर मोजलं आणि डॉक्टरांना बोलावलं. झटका येऊ नये म्हणून ते जळजळीत इंजेक्शन दिलं. तिनं माझा हात इतका दाबला की घड्याळाचा पट्टा तुटला. पलंगाच्या कडांना उशा लावल्या, दिवा मंद केला. मग दर थोड्या वेळानं श्वास मोजायचा, गुडघ्यावर टकटक करून पाय उडतो का बघायचं, लघवीची पिशवी पाहायची. सासू दाराशी पुटपुटत होती, "लेकीच्या वयाची पोरगी, अन् मलेच शिकवून राह्यली." मी बाहेर गेले आणि तिला तुझी गोष्ट सांगितली. वार्डात ती मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. जोडवी, फडकं, पुरण, कुंकू, सगळं सांगितलं, आपल्या घरचा सण बंद पडला तेही. म्हातारी बराच वेळ पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "देवी बसवाले मी एकटी पुरी आहो. हिले ठेवा."

सुनेला झटका आला नाही. जेवणाचा दिवस तसाच देखरेखीत गेला. सणाच्या तिसऱ्या दिवशी, तिकडं विसर्जनाला महालक्ष्म्या उठल्या आणि इकडं ऑपरेशन करून मुलगी झाली. एवढीशी, पण रडायला खणखणीत. सासू मला म्हणाली, "तुमच्या हातावर झाली. आता बसवा तुमच्या घरच्या महालक्ष्म्या."

मी म्हटलं, "घरात कुठं झाली, मावशी? अन् जेवणाचा दिवस तं कालच गेला."

"दिवसभर राह्यता कुठं तुम्ही? थेच घर," ती म्हणाली. "अन् जायचा दिवस बी तिचाच असते. लय कायदा नका सांगू!"

या वर्षी मी सुट्टी घेतली. पेटी उतरवली, मुखवटे पुसले. बाबांना विचारलं नाही, सांगितलं. आत्या म्हणाली, "हे चालते का वं?" मी म्हटलं, "चालते." मग तीच पुढं झाली आणि तिच्याच हातानं महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी पुरण मी वाटलं. अर्धं झालं तेव्हा हात धुतले आणि भर दुपारी, बायका येत-जात असताना, मुखवट्यांच्या समोर चटई टाकून आडवी झाले. खरं सांगते, झोप काही लागली नाही. पण मी उठले नाही.