लाल पिन डावीकडे

बाबा, आज आपल्या घरी होम थिएटर लागलं. पाठीमागे इतकी अक्षरं छापलेली आहेत, की तुम्ही असतात तर चष्मा पुसून आधी सगळी मोठ्यानं वाचली असतीत. टावर चौकातून आपला पहिला टेप-डेक आणलात, तेव्हा वाचली होतीत तशीच. बाजारात तेव्हा नवा-नवा विदेशी माल यायला लागला होता, आणि तुम्हाला प्रत्येक अक्षराचा अर्थ हवा होता. मोनो म्हणजे एकटा, स्टिरिओ म्हणजे जोडीनं, असं तुम्ही आईला समजावलंत आणि ‘ऑक्स’पाशी अडलात. आई म्हणाली, “बैल जुंपायचा असेल इथे. तुम्हीच उभे राहा.”

दुकानातल्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, “लाल वाला दाएँ, सफेद वाला बाएँ.” ‘दाएँ’ म्हणजे उजवीकडे, पण तुम्ही ‘डावे’ ऐकलंत आणि लाल पिन डाव्या स्पीकरला लावलीत. सगळा जन्म उज्जैनमध्ये गेला, पण तुमचे हात मराठीतच चालायचे. मग एका स्पीकरपाशी, खिडकीजवळच्या खुर्चीत तुम्ही, दुसऱ्यापाशी, स्वयंपाकघराच्या दाराशी आई, मध्ये डेक, असं बसून तुम्ही आवाज भरलात.

“हॅलो, हॅलो! ऐकू येतंय का?”

“शेजारीच बसलेय. ओरडता काय?”

कॅसेट लावली तर आई तुमच्या खुर्चीतून बोलतेय आणि तुम्ही स्वयंपाकघरातून! आई टाळ्या पिटत म्हणाली, “शेवटी आत धाडलं बाई यांना एकदाचं!” ती पिन मग कुणी बदललीच नाही.

आजच्या मेकॅनिकनं आपला जुना डेकही जोडून दिला, अगदी बरोबर. ती कॅसेट लावली. तुमचा आवाज पहिल्यांदाच खिडकीकडून आला, तुमच्या खुर्चीतून. खुर्ची रिकामी होती. आईचा चेहरा मला बघवेना.

ती म्हणाली, “भैया, पहले जैसा कर दो.”

“आंटी, पहले तो उल्टा लगा था.”

“उल्टा ही रहने दो.”

त्यानं पिना बदलल्या. स्वयंपाकघराकडून तुम्ही म्हणालात, “ऐकू येतंय का?” आई म्हणाली, “येतंय. बाहेर येताना माझं पाणी आणा.”

पाणी मीच आणलं, बाबा. पण लगेच उठले नाही. थोडा वेळ मीही दाराकडे बघत बसले होते.