चकची किल्ली

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघ्याला शेक देताय ना? की नुसतंच 'देते देते'? मी बरी आहे. फक्त कान किटलेत, कारण तीन आठवडे घरामागच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या दादाच्या लेथवर हातोडा चालू होता.

तुम्ही सुचवलेला फिटर आला. सव्वीस वर्षं बंद असलेली लेथ बघून म्हणाला, "बाई, ही ठेवली होती की पुरली होती?" कातायचा तुकडा घट्ट धरून फिरवणाऱ्या चकचे तिन्ही जबडे गंजून जाम झाले होते. त्याने रॉकेल पाजलं, ब्लोलॅम्पने भाजलं, मग लाकडी ठोकळा धरून ठोकलं. प्रत्येक घावाला मी दचकत होते. "तुम्हाला थोडीच मारतोय?" म्हणून तो हसला. मीही हसले.

काल ती फिरली. ताई, तोच आवाज! लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी माझ्यासाठी पितळेची मेणबत्तीदाणी कातली, तेव्हा असाच बारीक सूर लागला होता. मी कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून चिडवत म्हणाले, "घे मड्डम, तुझ्या कॉन्व्हेंटला शोभेल अशी." फार हलका हात होता त्यांचा. लोखंडावर.

फिटरने जबडे आवळायची किल्ली मागितली. मी आतून आणून दिली. काम झाल्यावर ती काढून खिशात टाकत तो म्हणाला, "ही चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर गोळीसारखी सुटते. आमच्या उस्तादानं एका विसरभोळ्या मिस्त्रीची गोष्ट सांगून सांगून आम्हाला कानफटवलं. कपाळ फुटून मेला म्हणे, गाढव."

आपण कोणाच्या घरात उभे आहोत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तुम्हीही परवा लिहिलंत, "वहिनी, लेथ कारागिरांच्या शाळेला देऊ, पण पाटीवर दादाचं नाव नको. हसतील." ते वाचून मला जेवण गेलं नाही.

ताई, ते विसरले नव्हते.

ते गेले त्या दुपारी कातायचा जॉब चकमध्ये बांधून त्यांनी किल्ली काढली होती. माझा धक्का लागून त्यांचा मापांचा कागद तेलात पडला. त्याच किल्लीने त्यांनी माझ्या डाव्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मग पुन्हा मारलं. त्याआधी बरगडी होती, त्याआधी दोन दात. तुम्ही यायचात तेव्हा मी लांब बाह्या घालायचे आणि कमी हसायचे.

किल्ली खिळ्याला अडकवून ते हात धुवायला गेले. मी ती काढली आणि चकच्या मागच्या बाजूला, त्यांना दिसणार नाही अशी, घट्ट बसवली. ते आले. खिळ्याकडे पाहिलं नाही, चककडे नाही. वीस वर्षांत जो एकदाही विसरला नाही, तो कशाला पाहील? वाकून बटण दाबलं.

किल्ली भुवईच्या वर शिरली. ते पुढेच, फिरत्या चकवर कोसळले. रक्त माझ्या तोंडावर उडत होतं. बटण हाताशी होतं. शेजारी धावत येईपर्यंत मी ते बंद केलं नाही.

मला वाटलं, नुसते घाबरतील. नाही, हेही खोटं. मला ते मरायला हवे होते.

मनगटाचं लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, धावताना पडले. आणि तुम्ही, सख्खा भाऊ गेलेल्या, चार महिने राहून मला घास भरवलात. एकदा माझ्या प्लास्टरवर डोकं टेकून म्हणालात, "वहिनी, दादा इतका कसा हो वेंधळा?" मी तुमच्या हातचा पुढचा घास खाल्ला.

आज फिटर सामान न्यायला आला, तेव्हा त्याला सांगितलं की तो मिस्त्री गाढव नव्हता; किल्ली मी लावली होती. त्याने हात पुसले, सामान उचललं आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्कशॉपांत बोभाटा होईल. होऊ दे. पोलीस यायचे तेव्हा येतील. त्याआधी हे पत्र टपालात पडायला हवं.

पाटी मी करून घेतली आहे. तुमच्या दादाचं पूर्ण नाव, त्याखाली 'कारागीर'. ती लावू द्या, ताई.

त्यांनी मारलं ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ज्या एका बाबतीत तो माणूस कधी चुकला नाही, तिथेच मी त्याला जन्माचा वेंधळा ठरवलं. आणि तुमच्या हातचे ते घास मी फसवून खाल्ले.

तुमच्या दादाला मारणारी,
तुमची वहिनी