बाबांनी वाढवलेले बुडबुडे

प्रिय रोहित,

तू माझे फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मामाच्या समाधानच्या हातून पाठवते आहे. तो आज गाडी घेऊन पुण्याला येतोय आणि लगेच परत निघणार आहे. पूर्ण वाच, मग काय ते ठरव.

आधी तुझ्या माशांच्या टाकीबद्दल. तू घर सोडलंस तेव्हापासून ती मीच सांभाळते. दिवा लागण्याच्या थोडं आधी गॅस सुरू, दिवा मालवण्याच्या थोडं आधी बंद. पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड हवा, पण माशांना सोसेल इतकाच. आतून काचेला लावलेल्या कुपीतला द्रव हिरवा असला की ठीक, पिवळा झाला की गॅस जास्त. गॅस वाढला की पाण्याचा पीएच उतरतो, तो ६.६ च्या खाली मी कधी जाऊ दिला नाही. सातपूरला प्रयोगशाळेत दिवसभर हेच तर करते.

बाबा रोज सकाळी ऑक्सिजन मशीनची नळी नाकाला लावून टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात, हे तुला माहीत नसेल. नोकरी सोडून टाक्या सजवायला निघालास तेव्हा "पाण्यात गवत लावून पोट भरत नाही" म्हणणारे तेच बाबा. ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानांचे भाग तपासले, आता पानं तपासतात. आई म्हणते, "मुलाशी अबोला आणि त्याच्या माशांशी गप्पा. बरं आहे तुमचं."

परवा रात्री गॅसची आपोआप बंद होणारी झडप उघडीच अडकली. दिवा विझला तरी बुडबुडे चालू राहिले, आणि अंधारात झाडं गॅस घेत नाहीत. काल सकाळी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. मी दूध आणायला खाली गेले होते, आई पूजेला बसली होती. धाप लागणं म्हणजे काय, ते बाबांना कोणी सांगायला नको. त्यांच्या मशीनच्या बाटलीतही बुडबुडे येतात. बुडबुडे वाढले की श्वास मिळतो, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी वाकून तुझ्या सिलिंडरची चावी आणखी उघडली. वाकल्याने स्वतःला दम लागला, म्हणून मशीनचाही काटा वाढवला. डॉक्टरांनी एकवर ठेवायला सांगितलेला, तो मला नंतर पाचवर दिसला. त्यांच्यासारख्या झिजलेल्या फुप्फुसांना ऑक्सिजन असा जास्त दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि माणूस गुंगीत जातो.

मी वर आले तेव्हा कुपी लिंबासारखी पिवळी होती. पीएच ५.८. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोप लागली असेल, असं समजून मी आधी सिलिंडर बंद केला, हवेचा पंप लावला, निम्मं पाणी बदललं. दोन मासे गेले, बाकीचे सावकाश खाली उतरले. मग बाबांना हाक मारली. ते उठले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये त्यांच्या रक्ताचा पीएच ७.२२ आला. पाण्यासाठी हा आकडा निरुपद्रवी आहे, माणसासाठी नाही; रक्तात तो ७.४ च्या आसपास लागतो. साचलेला गॅस बाहेर काढायला तोंडावर मास्क लावलाय, तो ते ओढून काढतात. आज संध्याकाळपर्यंत पीएच चढला नाही तर घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातली की बोलता येत नाही.

आज पहाटे थोडे शुद्धीवर आले. म्हणाले, "योगे, मी त्याचे मासे मारले गं. हवा कमी पडत होती म्हणून वाढवली." मी म्हटलं, जगलेत. "तू उगाच म्हणतेस. रोह्या बघून सांगेल तर खरं." आणि पुन्हा मास्क काढला.

समाधानच्या शेजारची सीट परत येताना रिकामी आहे. नाशिकला पोचलास की घरी जाऊ नकोस, थेट हॉस्पिटलमध्ये ये. सगळे जगलेत म्हणून सांग. टाकी न बघता सांगितलंस तरी चालेल.

तुझीच ताई,
योगिनी