टोपीवाला, खड्डा आणि माझा उजवा डोळा

४ मार्च, सकाळ
मी सांगते, सूनबाई लिहिते. करार असा, की बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःचं काही घुसडायचं नाही. वही खाजगी आहे. मलासुद्धा वाचता येत नाही, इतकी खाजगी.

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, मोतीबिंदू पिकलाय, बारा तारखेला काढून टाकू. डावा डोळा कधीच गेला. उजवा एकुलता एक. भूल फक्त डोळ्यापुरती, तुम्ही जाग्याच असाल, असंही म्हणाल्या, जणू बक्षीसच देतायत. मी घाबरले नाही. फक्त खुर्चीतून उठायला वेळ लागला.

मुलानं त्याचं तळहाताएवढं खेळायचं यंत्र दिलं. त्याच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते सगळे जुने व्हिडिओ गेम त्यात आहेत. म्हणाला, आई, मन रमेल तुझं. कामावर जाताना तो खेळ लावून देतो. एक टोपीवाला धावतो, उड्या मारतो आणि मोठ्या खड्ड्यात पडतो.

संकल्प: टोपीवाला खड्डा ओलांडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनला जाईन. त्याआधी नाही.

५ मार्च
हात बसला. बसणारच. चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काज-बटण केलंय, बटणं मला कोण शिकवणार? खाली मधोमध दोन बारीक बटणं आहेत, ती शोभेची. त्यांना हात लावला नाही. टोपीवाला काटेरी गोळे झकास चुकवतो. खड्ड्यात पडला.

६ मार्च, दुपार
एकवीस वेळा पडला. दर वेळी त्याच काठावरून. म्हणजे माझा हात किती स्थिर! मुलगा खेळतो तेव्हा यंत्र गाणी वाजवतं, माझ्या हातात गप्प असतं. वचक लागतो. सूनबाई हसली. हसणं करारात बसत नाही.

७ मार्च
दवाखान्यातून फोन. आंघोळीला गेलेय म्हणून सांगायला लावलं. पुन्हा आला, पुन्हा तेच. सूनबाई म्हणाली, आई, एका सकाळी दोन आंघोळी? म्हटलं, उकडतंय. बाहेर गार वारा होता, पण ते माझ्या हातात नाही.

८ मार्च
शेजारचे पोस्टमनकाका धीर द्यायला आले. त्यांचे दोन्ही डोळे झालेत. म्हणाले, अहो, काही नाही, सुई दिसतसुद्धा नाही, नुसता उजेड दिसतो.

सुई दिसत नाही! न दिसणारी सुईच तर बोटात घुसते. हे मला माहीत, त्यांना काय, त्यांनी आयुष्यभर तिकिटं चिकटवली.

जेवण गेलं नाही. आमटी खारट होती. सूनबाई म्हणते, मीठ घालायचंच राहिलं होतं. हे लिहू नकोस.

९ मार्च
सपाटून शिंका आल्या. यंत्र मांडीवर ठेवलं, तर टोपीवाला आपला आपण उड्या मारत गेला. पाच दिवसांत वळण लागलं. मुलाला लावायला वीस वर्षं गेली होती.

खड्ड्यात पडला.

१० मार्च
आज तीन टोपीवाले दिसले. जमीन धुरकट. यंत्राची काच खराब झाली असणार. न्हाणीघराची कडीही सापडेना, ती बहुतेक कुणी हलवली. सूनबाई समोर बसलीय, हे ती बोलल्यावर कळलं. मुकाट्यानं बसायची वाईट सवय तिला.

तिनं डॉक्टरीणबाईंचा निरोप सांगितला. आणखी थांबलात तर काढणं अवघड होईल, आहे तेही जाईल. बारा तारखेची वेळ ठेवलीय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

पण संकल्प म्हणजे संकल्प.

११ मार्च, संध्याकाळी पाच
सूनबाईला म्हटलं, जरा यंत्र धर, पदर नीट करते. तिनं सात दिवसांत पहिल्यांदा पडद्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, आई, इथं काय चमकतंय, माहितीय? म्हटलं, चांदण्या असतील. म्हणाली, अक्षरं आहेत. 'सुरू करण्यासाठी बटण दाबा.' तुम्ही अजून खेळायलाच सुरुवात केली नाहीये. हा नुसता दाखवायचा नमुना आहे. तो आपोआप धावतो आणि आपोआप पडतो. जन्मभर पडेल.

मी म्हटलं, मला आधीपासून संशय होताच.

तिनं शोभेचं बटण दाबलं. यंत्र गाऊ लागलं. माझा टोपीवाला पहिल्याच काटेरी गोळ्यावर मेला. मग तिनं घेतलं. लहानपणी मामाकडे असंच होतं, म्हणाली. तिचा टोपीवाला सरळ खड्ड्यापलीकडे. मी म्हटलं, तुझं ओलांडणं मोजायचं नाही. तिनं वही उघडून चार तारखेचा संकल्प वाचून दाखवला. खेळायचं कुणी, ते मी सांगितलंच नव्हतं. ज्याला लिहिता येतं त्याच्याशी करार करू नये.

दवाखान्याला फोन तिनं केला. मी घरातच होते, कोरडी.

१२ मार्च, सकाळी नऊ, दवाखान्यातला बाक
मी घाबरलेले नाही. सूनबाई कापतेय. म्हणून तिचा हात मी धरलाय. ती म्हणते, आई, कापतोय तो तुमचा हात. शिवाय तुम्ही धरलाय तो माझा उजवा आहे, सोडा, मला लिहायचंय. म्हटलं, डाव्यानं लिही. अक्षर वाकडं येतंय म्हणते. येऊ दे. मला कुठे वाचायचंय? नर्सनं नाव पुकारलं. दोघी उठलो. आता वही तिच्या काखेत जाईल, पेन तोंडात, हात माझ्या हातातच राहील.